शिवेवरची खुर्ची

साहेबाचा अंघोळीचा टब डोक्यावर उपडा घालून मी सासुरवाडीत शिरलो. मुद्दाम नव्हे. एवढी छाती मला कधीच नव्हती. वाट चुकलो म्हणावं, तर वाट सरळ एकच होती. मी फक्त थांबायचं विसरलो.

टबच का, तेही सांगतो. वेठीचं ओझं वाटून घेताना मी चतुराई केली. तंबूच्या मेखांची गोणी दिसायला लहान, पण मान मोडते. लोखंडी पेटी दोघांत, आणि दोघांतला दुसरा नेहमी बुटका निघतो. टब मात्र दिसतो मोठा आणि असतो हलका. पत्र्याचा, आतून पांढरा रंग दिलेला, धरायला दोन कान. बाकीचे "बापा, केवढं हे!" म्हणून मागं सरले आणि मी मोठ्या मनानं पुढं झालो. उपडा डोक्यावर घेतला. तो थेट खांद्यापर्यंत उतरला.

आत अंधार. खाली पाहिलं की माझेच पाय आणि हातभर धूळ. पण आवाज! मी सहज एक तान घेतली तर ती अशी घुमली की मलाच वाटलं, हा कोण गवई? तोवर घरात कुणी माझं गाणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं नव्हतं. मग काय, मी गातच निघालो.

तेव्हाची रीत अशी होती. आमचा वऱ्हाड नागपूरच्या प्रांताला जोडलेला. हिवाळा लागला की साहेब दौऱ्यावर निघे. तंबू, पेट्या, खाट, खुर्च्या, कोंबड्यांचं खुराडं, सगळं गावोगावच्या महारांच्या डोक्यावरून जाई. आपल्या गावानं आपल्या शिवेपर्यंत न्यायचं. शिवेच्या दगडापाशी एक जुनी बाभूळ होती, तिथं उतरवायचं. पलीकडच्या गावचे महार तिथं येऊन बसलेले असत, ते उचलत. मजुरी? ती सरकारातून मिळते, असं म्हणत. आमच्यापर्यंत ते म्हणणं तेवढं आलं.

संग्रामपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी ही दोन गावं. अलीकडचं आमचं. पलीकडचं माझ्या बायकोचं, काशीचं, माहेर.

त्या दिवशी बाभळीखाली कुणीच नव्हतं. पलीकडच्या महारवाड्यानं वेठ सोडली होती. आम्ही आता कुणाचं ओझं फुकट वाहणार नाही, असं त्यांनी चावडीवर जाऊन सांगितलं होतं. आमच्या कानावर आलं होतं, पण आम्ही ते मनावर घेतलं नव्हतं. असं कधी होतं काय? माझे सोबती ओझी उतरवून दगडापाशी थांबले. त्यांनी मला हाका मारल्या, असं ते अजून सांगतात. मी माझ्या गाण्यात.

पायाखालची धूळ संपून सारवलेली जमीन आली तेव्हा मी गाणं थांबवलं. आणि मला पाय दिसले. चहूकडं पाय. भेगाळलेले, अनवाणी, पोरांचे, बायांचे. त्यांत एक लाल चामड्याचा जोडा. तो मी ओळखला. आमच्या पाटलाचा.

पाटील सकाळीच घोड्यावरून पुढं गेला होता, साहेबाच्या चपराश्याला सोबत घेऊन, या लोकांना वठणीवर आणायला. त्या गावची पाटीलकी त्याच्या मावसभावाची आणि मावसभाऊ याच्या शब्दाबाहेर नव्हता. दम देऊन झाला होता, शिव्या देऊन झाल्या होत्या. एक माणूस उठला नव्हता. आणि अशात मी आलो. गात.

ठण्ण्!

पाटलानं वेताची काठी टबावर मारली. आत असं वाजलं की माझ्या दाढा हलल्या.

"या बे भाईर सारे! जवाई आला तुमचा. पाहा, टोपी केवढी घालून आला!"

चपराशी हसला. "वाह पाटील, दामाद तो इन लोगों ने बढिया चुना."

ठण्ण्!

"तुमी उचलत नाही ना? नोका उचलू. तुमची लेक ज्याच्या घरी नांदते तो उचलते. तुमी बसा आरामात. सासरे लोक तुमी!"

एक अनवाणी पाय पुढं आला. अंगठ्यावर जुन्या जखमेचा वण. किसनचा पाय. किसन म्हणजे काशीचा भाऊ, माझा साळा.

"जवाईबुवा, उतरवा ते," तो हळू आवाजात म्हणाला. "मी हात लावतो."

"लाव ना हात," पाटील म्हणाला. "तुहा हात लागला का बोजा तुहा. मंग पुढं तूच ने."

किसनचा पाय जागीच थांबला. हात लावला तर त्याच्या गावाची वेठ पुन्हा सुरू. नाही लावला तर बहिणीचा नवरा भर महारवाड्यात घंटा होऊन उभा.

मग सासू आली. मला दिसला तो लुगड्याचा काठ आणि हातातला लोटा. जावई दारी आला की त्याच्या पायांवर पाणी घालायचं. तिनं घातलं. आधी उजव्यावर, मग डाव्यावर. वरून ठण्ण्, खाली पाणी. "बसा नं..." तिच्या तोंडून सवयीनं निघालं आणि अर्ध्यावरच राहिलं.

मी टब उतरवला नाही. पाटलाची काठी पाठीत बसली, "चाल," आणि मी चाललो. गावापलीकडच्या आमराईत साहेबाचा तळ पडायचा होता, तिथपर्यंत. ओले पाय धुळीनं माखले. गाणं काही सुचलं नाही.

घरी येऊन मी हा सगळा किस्सा रंगवून सांगायला घेतला. माझी खोडच ती. आपली फजिती दुसऱ्यानं सांगण्याआधी आपणच सांगून टाकली की कमी लागते. पोरं हसून लोळली. मी पत्र्याच्या घमेल्यावर ठण्ण् वाजवूनही दाखवलं. काशी चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"माय आली होती?"

"आली होती."

"पानी घातलं?"

"घातलं."

"मंग तुमी काय केलं?"

"मी... पुढं चाललो."

तव्यावरची भाकरी तिनं उलटली नाही. जळाल्याचा वास सुटला, तरी उलटली नाही. पोरंही हसायची थांबली.

साहेबाचा तळ उठून गेला. मला वाटलं, संपलं. पण पाटलानं आम्हाला चावडीपुढं बोलावलं. तो ओट्यावर, आम्ही खाली उन्हात.

"आता आयका. एकदा बोजा पलीकडं गेला म्हंजे वहिवाट पडली. आजपासून आपल्या गावचा बोजा शिवेवर उतरनार नाही. सीधा पलीकडच्या तळापर्यंत जाईन. ते वेठीले उठेपर्यंत त्याईचं काम तुमी कराचं. काऊन? तुमच्यातल्याच मानसानं सुरू केलं."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी माझ्या पायाच्या नखाकडं पाहत राहिलो. ते मोठं महत्त्वाचं नख असल्यासारखं.

लखुबुवा म्हणजे आमच्या महारवाड्यातले सर्वांत वडील. गुडघे गेलेले, तरी वेठीला यायचे, कारण घरात दुसरा पुरुष नव्हता. त्यांनी मला बोल लावला नाही. म्हणाले, "हा तं बावळट हाये. त्याले काय म्हनता? पन त्या गाववाल्याईनं सोडलं अन् आपल्या मानेवर आलं. मस्ती त्याईची, मरन आपलं."

हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, कारण त्यात दोष माझ्याकडून दुसरीकडं जात होता.

आणि मग आमच्यातच फूट पडली. ती दोन गावं म्हणजे एकच घर होतं. त्यांच्या लेकी आमच्यात, आमच्या लेकी त्यांच्यात. लखुबुवांच्या पुतण्याचं तिकडं ठरलेलं लग्न मोडलं. मर्तिकाला माणूस जाईना. वरवटच्या बाजारात तिकडचा माणूस दिसला की आमचा माणूस दुसऱ्या बाजूच्या दुकानांकडं पाहत निघून जाई. आमच्यातले काही तरुण म्हणत, आपणही सोडू. म्हातारे म्हणत, खळ्यावरचं धान्य बंद झालं तर खाल काय? एकाच घरात बाप आणि लेक वेगवेगळ्या चुलीवर जेवू लागले. तिकडून आलेल्या लेकींना सांगण्यात आलं, माहेरी जायचं नाही. गेलात तर परत येऊ नका.

काशी संक्रांतीला घरीच राहिली.

पुष्कळ पुढं एका सभेत एका बोलणाऱ्यानं सांगितलं की सातासमुद्रापलीकडं एका देशात गुलाम ठेवायचे की नाही यावरून देशाचे दोन तुकडे पडले आणि भाऊ भावावर बंदूक घेऊन उठला. लोक माना डोलवत होते. मी मनात म्हटलं, तिथं निदान मालक तरी एकमेकांशी लढले. आमच्याकडं मालक बाभळीच्या सावलीत उभा राहिला आणि लढायला आम्हाला लावलं.

ते कसं, ते ऐका.

दोन्ही गावांत फिरणारा एकच माणूस उरला होता. करीमचाचा मनियार. बांगड्यांची माळ खांद्यावर टाकून तो गावोगाव हिंडे आणि त्याला कुणी अडवत नसे, कारण त्याच्याशी भांडलं तर बायका घरात घेणार नाहीत. संक्रांतीनंतर तो आमच्या दारात बसला. काशीचा हात धरून हिरवी बांगडी चढवता चढवता म्हणाला, "तेरी माँ ने भेजी है, बेटी. सँभाल के पहन."

"माय कशी हाये, चाचा?"

"अच्छी है. मगर वो लोग लाठियाँ काट के रखे हैं. बोलते हैं, इस बार कोई बोझा ले के शीव के अंदर आया, तो जवाई हो या जवाई का बाप, टाँग सलामत नहीं जाएगी." मग माझ्याकडं पाहून त्यानं दाढी खाजवली. "भाई, तुम इस बार बीमार पड जाव."

मला ती सूचना आवडली. मी लगेच पोट धरूनही पाहिलं. काशीनं माझ्याकडं अशी नजर टाकली की पोट बरं झालं.

चाचा गेल्यावर ती म्हणाली, "एकीकडं माहे भाऊ. एकीकडं तुमी. कोनाचं डोकं फुटलं तं मी कोनासाठी रडू, तेवढं सांगून जा."

मी शेळी बांधायला बाहेर निघून गेलो.

होळीच्या अलीकडं साहेबाचा दौरा पुन्हा आमच्याच गावावरून पलीकडं निघाला. आम्हाला पुन्हा चावडीपुढं उभं केलं. सामान पसरलेलं. पाटील ओट्यावर सुपारी कातरत बसलेला. लखुबुवांनी हात जोडले.

"पाटील, आता वाट सुधरली हाये. दोन गाड्या द्याल तं सारं एका खेपेत जाईन. माह्या गुडघ्याकडं पाहा."

"गाड्या?" पाटील म्हणाला. "गाड्याईचे चाकं धड नाहीत. बैल कपाशीनं थकले. साहेबाच्या तंबूसाठी माहे बैल मारू काय?"

मग त्यानं गड्याला खूण केली. गड्यानं लाकडांचा भारा आणून आमच्यापुढं टाकला. लांब, घोटीव, जड दांडे.

"एकेक घ्या हाती. ते लोकं आडवे येतीन. तुमच्यावर दुप्पट बोजा कोनामुळं आला, ते इसरू नोका. हानाची वेळ आली तं हाना. मांगं मी हाये."

आम्ही घेतले. मीही घेतला. टबाकडं मी ढुंकूनही पाहिलं नाही. या खेपेला खुर्ची उचलली. साहेबाची घडीची खुर्ची, लाकडाची चौकट आणि जाड कापडाची बैठक. खांद्यावर खुर्ची, हातात दांडा. मागून पाटील घोड्यावर.

वाटेत लखुबुवांचे गुडघे तेवढे कटकट वाजत होते.

बाभूळ दिसली. दगडाच्या पलीकडं ते उभे होते. ओळीनं. हातात ओल्या लाकडाच्या काठ्या. मधोमध किसन. त्याच्या मागं माझा एक चुलतसासरा, ज्यानं माझ्या लग्नात मला उचलून खांद्यावर नाचवलं होतं. त्याच्याही हातात काठी. आमच्या लोकांनी ओझी खाली ठेवली आणि दांडे घट्ट धरले. पाटील घोड्यावरून उतरला आणि सावलीला उभा राहिला.

"व्हा पुढं," तो म्हणाला.

कुणी हललं नाही. माझ्या घामेजल्या हातातून दांडा निसटू लागला. म्हणून मी तो नीट धरायला खाली पाहिलं. खालच्या टोकाला वंगणाचा काळा डाग होता. वर दोरी काचून पडलेली खाच. मी तो उलटा करून पाहिला. हे लाकूड माझ्या ओळखीचं होतं. सातपुड्यातून मीच डोक्यावर आणलं होतं, मागच्याच पावसाळ्यात, पाटलाच्या नव्या गाडीसाठी.

या गाडीच्या उभाऱ्या होत्या. गाडीच्या दोन्ही बाजूंना उभ्या खोचतात ना, माल सांडू नये म्हणून, त्या.

मी हुशार माणूस नाही. गोष्ट माझ्या डोक्यात उशिरा शिरते. पण शिरली की मग तिला बाहेर पडायला तोंडाखेरीज वाट सापडत नाही.

"पाटील," मी म्हटलं, "ह्या तं तुमच्या गाडीच्या उभाऱ्या."

"मंग?"

"नाही, उभाऱ्या आल्या. गाडी कुटी हाये?"

मग पलीकडून कुणीतरी फिस्सकन हसलं. किसन हसला होता. आमच्यातल्या एका पोरानं आपल्या हातातल्या दांड्याकडं पाहिलं, मग शेजाऱ्याच्या. लखुबुवांनी वंगणाच्या डागावरून अंगठा फिरवला आणि तो अंगठा कितीतरी वेळ पाहत राहिले. ओझं वाहायला गाडी नव्हती. आमची डोकी फोडायला गाडी मोडून दिली होती.

"तोंड चालवतं बे?" पाटील सावलीतून पुढं आला. हातात चाबूक. "उचल ते अन् चाल पुढं!"

मी उभारी टाकली. खांद्यावरची खुर्ची खाली घेतली. आणि ती उघडू लागलो.

आता ही खुर्ची उघडणं मी कधी केलेलं नव्हतं. चपराशी उघडताना दुरून पाहिलं होतं, एका झटक्यात उघडायची. मी झटका दिला. बोट चेमटलं. पुन्हा दिला, ती माझ्याच अंगावर मिटली. दोन्हीकडचे लोक हातात काठ्या घेऊन पाहत होते. मरणाची वेळ, आणि मी खुर्चीशी कुस्ती खेळतोय.

"उलटी धरली, जवाईबुवा!" किसन पलीकडून ओरडला. "पलटवा!"

पलटवली. उघडली. शिवेच्या दगडाला लावून ठेवली.

आणि बसलो.

हसणं एकदम थांबलं. महार खुर्चीवर आणि पाटील पुढ्यात उभा. माझ्या बापानं हे पाहिलं नव्हतं. आज्यानं पाहिलं नव्हतं. मीही पाहत नव्हतो, डोळे मिटून घेतले होते. कापड माझ्या भारानं खाली गेलं आणि पाठ टेकली. पाठ टेकते म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. आमची पाठ तोवर वाकायला किंवा मार खायलाच होती.

"ऊठ."

"नाही उठत."

"ऊठ म्हनतो ना बे!"

डोळे उघडले. म्हटलं, "बोजा इथं ठेवला, पाटील. आमची शीव इथं संपली अन् वेठ बी इथंच संपली. आता पुढं नाही अन् मांगंही नाही."

पहिला चाबूक कानावर बसला. मी खुर्चीचे हात धरले. पलीकडून किसन काठी उचलून धावला. मी ओरडलो, "किसन, बस! खाली बस! हेच पाह्यजे त्याले!"

तो थांबला. मग दगडाच्या पलीकडं, माझ्यासमोर, मातीत बसला. त्याच्या मागं ते सगळे बसले.

आमच्याकडचं सांगतो. सर्वांत आधी लखुबुवांनी उभारी टाकली. टाकली म्हणजे फेकली नाही. पाटलाची वस्तू, म्हणून हळूच ठेवली. मग दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून, "आईवं" म्हणत खाली बसले. एकेक करून बाकीचे बसले. साहेबाची खाट, पेट्या, तंबू, टब, सगळं मधे उन्हात पडलेलं आणि भोवती दोन गावं बसलेली.

पाटलानं मला मारलं. खुर्ची उलटली, मी तिच्याखाली गेलो. बाहेर निघालो. खुर्ची सरळ केली. आता उघडायला येत होती. पुन्हा बसलो. तो पुन्हा आला. त्याचा हात दुखू लागला तेव्हा तो थांबला. दया म्हणून थांबला, असं कुणी समजू नये.

दुपार कलल्यावर गाड्या आल्या. पाटलाच्याच. धड चाकांच्या. गाडीवानांनी आमच्यासमोर पडलेल्या उभाऱ्या उचलून पुन्हा गाडीला खोचल्या आणि साहेबाचं सामान त्यात भरून नेलं. चाकं करकरलीसुद्धा नाहीत.

शेवटी खुर्ची न्यायला गाडीवान आला. चपराश्यानं त्याला लांबूनच सांगितलं, "उसको धो के रखना." मला हसू आलं. ओठ फाटलेला होता, म्हणून हसलो नाही.

पुढचं गोड नाही. खळ्यावरचं धान्य बंद झालं. गावच्या रानात आमच्या शेळ्या चारायला बंदी. वाण्यानं मीठ देणं थांबवलं. पाटलाचे गडी आमच्या वाटेवर काटे टाकत. सासुरवाडीहून किसन ज्वारी घेऊन आला, दिवसाउजेडी, शीव ओलांडून. त्यांच्याकडंही फार नव्हती. ती संपली. पोरं रात्री पाणी पिऊन झोपू लागली. लखुबुवा अंथरुणाला खिळले आणि तसेच गेले. औषधाला वाट बंद होती. त्यांना पोचवायला दोन्ही गावचे लोक आले, एवढं खरं. पण ते गेले.

मग पाटलाचा निरोप आला. आमच्यातलेच तिघं-चौघं तो घेऊन आले, माझ्या ओसरीवर बसले, आणि बराच वेळ हवापाण्याचं बोलले.

"पाटील म्हनते," शेवटी एकजण म्हणाला, "बाकी कोनाशी भांडन नाही. फकत या एकट्यानं चावडीवर याचं, जोड्याले हात लावाचा, अन् म्हनाचं, चुकी झाली. बस. धान्य सुरू, रान सुरू."

"अन् वेठ?"

तो दुसरीकडं पाहू लागला. "ते पुढचं पुढं."

दुसऱ्यानं माझ्या मांडीवर हात ठेवला. "म्हन ना बापा एवढं. तुह्या हातून तं चुक्या होतच राह्यते. तुले कोन काय म्हनन? तुह्यावर साऱं गाव हासते. हासन अन् इसरून जाईन."

त्यानं अगदी मायेनं म्हटलं. आणि खोटंही नव्हतं. मी चुकणारा माणूस, हे दोन्ही गावांना पाठ होतं. मी आयुष्यभर स्वतःला हसून घेतलं, म्हणजे दुसऱ्यांचं हसणं बोथट होईल. आता तेच हसणं माझ्यापुढं ताटासारखं वाढून ठेवलं होतं. जा, चावडीवर आपला किस्सा सांग, जोड्याला हात लाव, पोरं जेवतील. आत धाकटी खोकत होती. मला ऐकू येत होतं.

मी म्हटलं, "पलीकडं गेलो, ती चुकी होती. ते मी कोनालेही सांगतो, रोज सांगतो, पाह्यजे तितकं हासा. पन खुर्चीवर मी बसलो. बोट चेमटलं, तरी बसलो. मारलं, तरी पुन्हा बसलो. त्याले मी चुकी म्हननार नाही. पोरं मेली तरी नाही. अन् पुढच्या दौऱ्याले माह्या घरचा मानूस शिवेवर दिसनार नाही. माह्या पोराच्या पोराचाही नाही. सांगा त्याले जाऊन."

ते उठले. एकानं जाताना "पाहा मंग" म्हटलं. दुसऱ्यानं गल्लीच्या वळणावर थांबून मागं पाहिलं.

ते दिसेनासे झाले आणि माझी सगळी हवा गेली. मी आत गेलो. काशी धाकटीला मांडीवर घेऊन चुलीपाशी बसली होती. चूल विझलेली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्यापुढं उकिडवा बसलो आणि विचारलं, "मी बराबर बोललो ना वं?"

ती म्हणाली, "बसले तवा मले इचारलं होतं काय? मंग आता काऊन इचारता? बसले तं बसले. आता उठू नोका."